बडोद्यात स्ट्रक्चरच्या कामात उतरताना: नव्या मुलांसाठी पहिल्या तीन वर्षांची वाट

मकरपुरा जीआयडीसीत सकाळी पावणेआठला एखाद्या फॅब्रिकेशन शॉपच्या, म्हणजे लोखंडी सांगाडे बनवणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाशी उभे राहा. आठवड्यातून एकदा तरी नवा मुलगा दिसतो. कुणी वाडीतला, कुणी मांजलपूरचा, कुणी नंदुरबारकडून मामाकडे राहायला आलेला. हातात आधारची झेरॉक्स, पायात चप्पल, आणि विचारणा एकच: “काका, काही काम आहे का?” काम असते. पण काय काम, त्यातून पुढे काय, हे त्याला कोणी सांगत नाही. दोन-तीन वर्षे तो लोखंड उचलत राहतो आणि मग कंटाळून रिक्षा घेतो. अशी चांगल्या हाताची मुले गेलेली मी पाहिली आहेत आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. म्हणून हे लिहितो आहे. मी स्वतः हेल्पर म्हणूनच आलो, आता साइट सुपरवायझर आहे, मध्ये बावीस वर्षे गेली. त्यात जे उपयोगी पडले तेवढेच सांगतो.

काम दोन ठिकाणी चालते

कारखान्याची शेड, रिफायनरीतला पाइपरॅक, कन्व्हेयरची गॅलरी, रेल्वेचा पूल, हे सगळे आमच्या भाषेत ‘स्ट्रक्चर’. बडोद्याच्या आसपास याला तोटा नाही. मकरपुरा, वाघोडिया, पोर-रमणगामडी, मंजुसर, नंदेसरी, पलीकडे हालोल, कोयलीची रिफायनरी. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावर २८ पोलादी पूल ठरले, त्यांतले १७ गुजरातेत. एके काळी रिव्हेट मारून पूल बांधत. भरुचचा १८८१ सालचा गोल्डन ब्रिज जवळ जाऊन पाहा, म्हणजे तेव्हाचे काम कळेल. आता शॉपमध्ये वेल्डिंग आणि साइटवर बोल्ट, अशी सर्वसाधारण पद्धत आहे.

म्हणजे काम दोन जागी होते. शॉपमध्ये लोखंड मापाने कापायचे, भोके पाडायची, जुळवायचे, वेल्ड करायचे, घासून रंगवायचे. साइटवर ते क्रेनने उचलून उभे करायचे, त्याला म्हणायचे इरेक्शन. शॉपमध्ये मार्किंग करणारा, गॅसकटर, ग्राइंडरवाला, फिटर म्हणजेच फॅब्रिकेटर, वेल्डर, पेंटर. साइटवर रिगर (जुनी माणसे अजून खलाशीच म्हणतात), इरेक्टर, क्रेनवाला. हेल्पर दोन्हीकडे.

माझे ठाम मत: पहिले वर्ष शॉपमध्ये काढा. साइटची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, बहुतेक ठिकाणी थोडी जास्त असते, राहण्याची खोलीही मिळते, म्हणून मुले तिकडे धावतात. पण साइटवर आलेला नग आधीच तयार असतो. तो का असा कापला, भोक इथेच का, हे तिथे शिकायला मिळत नाही. शॉपमध्ये वर्षभर राहिलेला मुलगा साइटवर गेला की नग उलटा लागतोय हे जमिनीवरूनच ओळखतो.

शिक्षण: कुठे आणि किती

दहावी झाली असेल तर आयटीआयचा फिटर ट्रेड दोन वर्षांचा आहे. वेल्डर एक वर्षाचा आणि त्याला आठवी पास चालते. बडोद्यात तरसालीची आणि गोरव्याची सरकारी आयटीआय आहे. प्रवेश दहावीच्या निकालानंतर उन्हाळ्यात सुरू होतात, तेव्हा मे महिन्यातच जाऊन चौकशी करा, जुलैत धावपळ नको. नंतर एखाद्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून एक वर्ष करा. स्टायपेंड थोडा असतो, पण अप्रेंटिसचे प्रमाणपत्र पुढे मोठ्या कंपन्यांच्या फाटकावर तुमच्या बाजूने बोलते.

डिप्लोमा करायची ऐपत आणि इच्छा असेल तर जरूर करा. याच शहरात सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढले ते हाताला हुन्नर आणि हुन्नराला शास्त्र मिळावे म्हणून. त्या वास्तूत आज विद्यापीठाची इंजिनिअरिंगची विद्याशाखा आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतली कितीतरी मराठी घरे तिथल्या शिक्षणावर उभी राहिली.

आयटीआय जमली नाही तरी वाट बंद होत नाही. मी आयटीआय केलेली नाही. फक्त ती दोन वर्षे कामावर शिकताना चार वर्षे लागतात, हे धरून चाला. आणि अठरा पूर्ण झाल्याशिवाय कोणी साइटवर घेत असेल तर जाऊ नका. वय वाढवून सांगायला लावणारा ठेकेदार अपघात झाला की तुम्हाला ओळखणार नाही.

मुलींसाठी एक शब्द. वेल्डिंगमध्ये स्थिर हात आणि धीर लागतो, आणि शॉपमध्ये वेल्डर, क्यूसी (मालाची तपासणी), ड्रॉइंग ऑफिस इथे मुली उत्तम काम करतात. जागा बघताना कपडे बदलायची खोली, स्वच्छतागृह आणि संध्याकाळी परतायची सोय आधी विचारा. विचारायला संकोच वाटू देऊ नका.

अंगावरचे सामान

हेल्मेट आयएस २९२५, बूट आयएस १५२९८, पूर्ण अंगाचा हार्नेस आयएस ३५२१. हे आकडे वहीत लिहून ठेवा आणि सामानावर छापलेले आहेत का ते पाहा. कायद्याने हे मालकाने द्यायचे असते. दिले नाही तर पहिल्या पगारातून निदान बूट तरी स्वतःचे घ्या. चपलेवर अँगल पडलेला पाय मी पाहिला आहे.

स्वतःच्या खिशातून आणखी इतके घ्या: पाच मीटरचा चांगला टेप, गुण्या, सेंटर पंच, ओळंबा, लोखंडावर लिहायचा खडू आणि खिशात मावेल अशी वही. बाकी अवजारे शॉपची असतात.

पहिल्या दिवशी ग्राइंडर हातात येईल. त्याचे गार्ड काढलेले असेल तर ते बसवून घ्या, मगच चालवा. चाकावर कमाल आरपीएम आणि मुदतीची तारीख छापलेली असते, ती बघा. काळी टाकी ऑक्सिजनची, लालसर तपकिरी अॅसिटिलीनची. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीसचा हात लागता कामा नये, तो भडकतो. गळती बघायची ती साबणाच्या पाण्याने.

पहिले सहा महिने: माप

लोक समजतात स्ट्रक्चर म्हणजे ताकदीचे काम. ते आधी मापाचे काम आहे. टेपचा पुढचा हूक थोडा हलतो, तो तसा मुद्दाम केलेला असतो. बाहेरून लावा किंवा आत टेकवा, हुकाच्या जाडीइतका तो सरकतो आणि माप बरोबर येते. पण हूक वाकला की सगळा दिवस चुकतो. म्हणून जुने कारागीर महत्त्वाचे माप ‘शंभरावरून’ घेतात: टेपचा १०० मिलिमीटरचा आकडा कडेवर धरायचा, वाचलेल्या मापातून शंभर वजा करायचे. आमच्या धंद्यात माप मिलिमीटरमध्येच बोलतात. ‘सहा मीटर’ नाही, ‘सहा हजार’. पहिल्या आठवड्यातच ही सवय लावून घ्या.

काटकोन बघायला तीन-चार-पाच: एका बाजूला ३००० वर खूण, दुसरीला ४०००, मधले अंतर ५००० आले की गुण्यात. मोठी चौकट असेल तर दोन्ही कर्ण मापा. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे, तरच चौकट खरी.

वजन काढता आले पाहिजे, कारण स्लिंग (नग उचलायचा दोर), चेनपुली, क्रेन सगळे वजनावर ठरते. प्लेटची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, ७.८५ ने गुणा, एका चौरस मीटरचे किलो मिळाले. म्हणजे १० मिमी प्लेटचा चौरस मीटर साडेअठ्ठ्याहत्तर किलो. चारशे बाय चारशेची वीस मिमी बेस प्लेट (खांबाच्या तळाची प्लेट) पंचवीस किलो, म्हणजे एकट्याने वाकून उचलायची नाही. गोल सळईला व्यासाचा वर्ग भागिले १६२, मीटरचे किलो येतात. अँगल, चॅनेल, बीम यांची वजने तक्त्यात असतात. पन्नासचा सहा मिमी अँगल मीटरला साडेचार किलो, असे रोज हाताखालून जाणारे दहा-बारा सेक्शन पाठ करा. ठेकेदाराला पैसे बहुधा किलोवर किंवा टनावर मिळतात. वजन तोंडपाठ असलेल्या हेल्परकडे त्याचे लक्ष आपोआप जाते.

आणि उन्हाचे लक्षात ठेवा. लोखंड तीस अंशांनी तापले तर तीस मीटर लांबीत जवळजवळ ११ मिलिमीटर वाढते. बडोद्याच्या मे महिन्यात हे पुस्तकातले राहत नाही. दुपारी दोनला ओळंब्यात केलेला खांब सकाळी सातला पुन्हा पाहिला तर सरकलेला दिसतो. मोठ्या कामाची अंतिम लेव्हल आणि ओळंबा आम्ही सकाळी गारव्यातच करतो.

ड्रॉइंग वाचायला शिका, आणि आजच

हे सगळ्यात महत्त्वाचे, म्हणून इथे जरा थांबतो.

ड्रॉइंग तीन प्रकारची येतात. एक पूर्ण इमारतीचे, त्याला जीए म्हणतात. त्यात आडव्या-उभ्या ग्रिडरेषा असतात, एका दिशेला ए, बी, सी, दुसरीला १, २, ३. दुसरे इरेक्शनचे, ज्यावर प्रत्येक नगाचा मार्क असतो: सी१ खांब, आर३ राफ्टर (छताची तिरपी तुळई), असे. तिसरे शॉप ड्रॉइंग, एकेका नगाचे, त्यात भोके, कट, वेल्डची खूण. रोज जेवणाच्या सुटीत एक शॉप ड्रॉइंग घ्या आणि त्यातला नग शॉपमध्ये शोधून काढा. ड्रॉइंगमधल्या भोकावर बोट, मग लोखंडातल्या भोकावर बोट. दोन महिन्यांत कागद डोळ्यांपुढे उभा राहायला लागतो. वस्तूच्या बाजू कागदावर कशा मांडल्या आहेत, फर्स्ट अँगल की थर्ड अँगल, ती खूण कोपऱ्यात असते, ती आधी पाहा, नाहीतर डावे-उजवे उलटे होईल. अंतर सेंटर टू सेंटर आहे की बाहेरून बाहेर, ते पाहा. बोल्टच्या व्यासापेक्षा भोक मोठे असते: एम१६ ला १८ मिमी, एम२० ला २२, एम२४ ला २६.

आणि कोपऱ्यातला रिव्हिजनचा, म्हणजे ड्रॉइंग कितव्यांदा बदलले त्याचा, आकडा. त्याने मला जे शिकवले ते सांगतो. कामाला लागून दुसरे वर्ष होते, मार्किंग माझ्याकडे नुकतेच आले होते. वाघोडियाच्या बाजूच्या एका शेडच्या २४ बेस प्लेट मी खुणावल्या, पंच मारले, भोके पाडून घेतली. ड्रॉइंग माझ्या शर्टाच्या खिशात आठवडाभर घडी घालून होते, घामाने मऊ झालेले, रिव्हिजन आर१. आर२ तीन दिवसांपूर्वी ऑफिसात येऊन पडले होते. त्यात फाउंडेशन बोल्टचे अंतर १५० ऐवजी १८० झाले होते. मला कोणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. साइटवर पहिला खांब बोल्टांवर उतरवायला घेतला तेव्हा प्लेट बसेना. चार बोल्ट उभे, त्यांच्यावर प्लेटची चार भोके, चारही आतल्या बाजूला पंधरा-पंधरा मिलिमीटर. क्रेन भाड्याने उभी, दहा माणसे वर बघतायत. चोवीसही प्लेट कापून नव्या लावाव्या लागल्या. ठेकेदाराने माझी सहा दिवसांची हजेरी कापली, आणि ड्रॉइंग खाली न पोचवणाऱ्याला कोणी काही बोलले नाही, ते मला आजही लागते. पण तेव्हापासून मी एक करतो: मार्किंग सुरू करण्याआधी ऑफिसात जाऊन चालू रिव्हिजन विचारतो, आणि खडूने प्रत्येक नगावर मार्क नंबरच्या शेजारी रिव्हिजन लिहितो. माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला हेच करायला लावतो.

वेल्डिंगकडे वळायचे असेल तर

हेल्परला सहा महिन्यांत टॅक, म्हणजे नग जागेवर धरणारे वेल्डचे छोटे टाके, मारायला मिळतात. हात बसू लागला की सुटीच्या वेळात भंगाराच्या तुकड्यांवर सराव मागा. चांगला उस्ताद नाही म्हणत नाही.

रॉडवरचे आकडे समजून घ्या. ७०१८ मध्ये पहिले ७० म्हणजे वेल्डची ताकद, चौरस इंचाला सत्तर हजार पौंड. १ म्हणजे सगळ्या पोझिशनमध्ये चालतो. ८ म्हणजे कमी हायड्रोजनचे आवरण. या रॉडला ओल चालत नाही. ओल म्हणजे हायड्रोजन, आणि त्याने वेल्डला तडा जातो, कधी कधी काम संपून माणसे घरी गेल्यावर. म्हणून तो ओव्हनमध्ये भाजून गरमच वापरायचा. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या पाकिटातला ७०१८ कोणी हातात दिला तर घेऊ नका, भाजलेला मागा.

वेल्डरची खरी किंमत टेस्टवर ठरते. उभी प्लेट म्हणजे ३जी, डोक्यावरची ४जी. रूट गॅप (दोन प्लेटमधली फट) किती, बेव्हल (कडेचा उतार) किती, करंट किती, हे सगळे डब्ल्यूपीएस नावाच्या कागदावर लिहिलेले असते. तो कागद मागून वाचा. प्लेट वाकवून किंवा एक्स-रे काढून तपासतात. पास झालात की त्या पद्धतीचे प्रमाणपत्र मिळते. एक गोष्ट बहुतेक वेल्डरांना उशिरा कळते: ती पद्धत सहा महिने वापरली नाही तर पात्रता जाते आणि टेस्ट पुन्हा द्यावी लागते. म्हणून कोणत्या महिन्यात कोणत्या कामावर कोणती पद्धत वापरली त्याची नोंद ठेवा आणि सुपरवायझरची सही घ्या.

डोळे जपा. टॅक मारताना ‘एकच तर आहे’ म्हणून उघड्या डोळ्यांनी बघणाऱ्याच्या डोळ्यांत रात्री वाळू गेल्यासारखे होते. तोवर उशीर झालेला असतो. जस्त चढवलेल्या लोखंडाचा धूर छातीत घेऊ नका, आधी जस्त घासून काढा, उघड्यावर काम करा.

उंचीवर

शॉपचे वर्ष झाले, आता साइट. वर चढण्याआधी डॉक्टरी तपासणी होते: रक्तदाब, चक्कर, फिट, नजर. काही त्रास असेल तर लपवू नका. जमिनीवर स्लिंग बांधणारा, नग लावून देणारा, सिग्नल देणारा, ही सगळी मानाची कामे आहेत.

हार्नेसला दोन हूक असतात, ते चालताना आलटून पालटून लावायला. पुढचा लावल्याशिवाय मागचा सोडायचा नाही. हूक शक्यतो डोक्याच्या वर लावा. पायाशी लावला तर पडताना दुप्पट उंची पडाल.

सिग्नल देणारा एकच माणूस. जुन्या गँगमध्ये अजून हाक ऐकू येते: ‘हाबेस’ म्हणजे उचल, ‘आरिया’ म्हणजे सोड. जहाजांवरच्या खलाशांची ही भाषा. मोठ्या साइटवर आता हाताचे सिग्नल आणि वॉकीटॉकी. मात्र ‘थांब’ कोणीही म्हणू शकतो, कालचा आलेला हेल्परसुद्धा, आणि क्रेनवाल्याने थांबलेच पाहिजे.

स्लिंगचा कोन डोळ्यांत बसवून घ्या. दोन पायांची स्लिंग आडव्याशी साठ अंशांत असेल तर प्रत्येक पायावर वजनाच्या निम्म्यापेक्षा थोडाच जास्त ताण येतो. तीस अंशांवर आली की प्रत्येक पायावर पूर्ण वजनाइतका ताण. एक टनाचा नग, आणि दोन्ही दोर एकेक टन ओढतायत. स्लिंग पसरलेली दिसली की लांब स्लिंग मागा.

आता पहिला ‘बे’. आपल्या दांडिया बाजारातले जुने वाडे खणांनी मोजतात, तसे शेडचे खण म्हणजे बे. पूर्ण झालेली शेड वाऱ्याला सहज तोंड देते, कारण ब्रेसिंग (तिरपे आधार), पर्लिन (छताच्या पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या), टाय यांनी सगळे एकमेकांना धरलेले असते. उभी होत असलेली शेड तशी नसते. दोन खांब आणि त्यांच्यावर एक राफ्टर, एवढी कमान एका दिशेने पक्की आणि दुसरीकडे नुसती उभी असते, एखादी शिडी भिंतीला न टेकवता उभी करावी तशी. म्हणून सुरुवात नेहमी ब्रेसिंगच्या खणापासून होते. चार खांब, दोन राफ्टर, मधली पर्लिन, खांबांतले आणि छतातले तिरपे ब्रेसिंग, आणि मग ओळंबा. तो एक खण स्वतःच्या पायावर उभा राहिला की पुढच्या प्रत्येक कमानीला त्याच्याशी बांधत जायचे. तोपर्यंत वायर रोपचे ताण, म्हणजे गाय रोप, चारी बाजूंना.

ते काम डोळ्यांनी पाहताना असे दिसते. सकाळी साडेसात. राफ्टर जमिनीवर जोडून ठेवलेला, दोन्ही टोकांना दोर बांधलेले, एकेका दोरावर एकेक माणूस. क्रेन उचलते, राफ्टर हळू फिरायला लागतो, खालचे दोघे दोर ओढून त्याला सरळ ठेवतात. वर दोन इरेक्टर खांबांच्या माथ्याशी, दोघांचेही हूक लाइफलाइनवर, म्हणजे सुरक्षेसाठी ताणलेल्या दोरावर. राफ्टरची प्लेट खांबाच्या प्लेटसमोर येते, भोके एक बोटभर चुकलेली. वरचा माणूस पान्याचे निमुळते शेपूट भोकात घालून हलकेच दाबतो, भोके एका रेषेत येतात, दुसऱ्या भोकात ड्रिफ्ट पिन, तिसऱ्यात बोल्ट. भोकात बोट घालून कधीच बघायचे नाही. ठरलेले बोल्ट लागून नट बसले, आडवी बांधणी झाली, तरच क्रेनचा हूक सुटतो. त्याआधी कितीही घाई असो, नाही. सगळे बोल्ट अंतिम ताणाने आवळायचे ते ओळंबा झाल्यावर, जोडाच्या मधून कडेकडे.

हे इतके सांगतो कारण एका जूनमध्ये मी उलटे पाहिले आहे. तीन कमानी उभ्या होत्या, ब्रेसिंगचा ट्रक आला नव्हता, ‘उद्या लावू’ म्हणून संध्याकाळी सगळे निघाले. ताण फक्त एका बाजूला. रात्री पावसाआधीचा वारा सुटला. सकाळी गेलो तर तिन्ही कमानी एकाच दिशेला झोपलेल्या, पहिलीने दुसरीला घेतले, दुसरीने तिसरीला. बेस प्लेटजवळ फाउंडेशन बोल्ट गवताच्या काडीसारखे वाकलेले. वॉचमन त्या रात्री चहा प्यायला फाटकाबाहेर गेला होता, म्हणून वाचला. तेव्हापासून ब्रेसिंग जागेवर आल्याशिवाय मी पहिला खांब उभा करत नाही, मग क्रेनचे भाडे चढो.

इरेक्शनच्या सुरक्षेची आपली संहिता आयएस ७२०५ आहे. सुपरवायझर व्हायचे असेल तर ती मिळवून वाचा.

उन्हाळ्यात साइटवर पहाटे लवकर सुरुवात करून दुपारी बारा ते चार वरचे काम बंद ठेवणारा ठेकेदार चांगला समजा. तापलेल्या बीमवर हातमोज्यांशिवाय हात टेकत नाही, आणि चक्कर येणारा माणूस स्वतः सांगत नाही. पावसाळ्यात ओल्या रंगावर पाय सरकतो. वीज चमकत असेल तर खाली उतरा.

हजेरी आणि कागद

कामाला लागताना चार गोष्टी स्पष्ट विचारा: हजेरी किती, किती तासांची, ओव्हरटाइम कसा, पैसे कोणत्या तारखेला आणि बँकेत की हातात. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने आहे. बँकेत घेण्याचाच आग्रह धरा. हातात मिळणाऱ्या पैशाचा पुरावा राहत नाही.

शॉपमध्ये पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) कापले जाते का ते बघा. पगार दरमहा २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय लागू होते, आणि हात भाजला किंवा हाड मोडले तर त्याचाच आधार असतो. पीएफचा यूएएन नंबर आयुष्यभर एकच. नवा ठेकेदार नवा नंबर काढायला लागला तर जुना द्या. पैसे जमा होतात का ते दर तीन महिन्यांनी मोबाइलवर पाहा. कापून घेतले आणि भरलेच नाहीत, असे माझ्या बाबतीत चौदा महिने झाले आहे.

साइटवर काम करत असाल तर गुजरातच्या बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी करा. वय १८ ते ६०, आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचे काम, एवढी अट आहे. ई-निर्माण कार्ड मिळते, त्यावर अपघात, आजारपण, मुलांचे शिक्षण यांसाठी मदतीच्या योजना आहेत. महाराष्ट्रातून आलेल्या मुलांना वाटते आपल्याला इथे मिळणार नाही. तसे नाही. गुजरातेत काम करता, तर इथेच नोंदणी करा. नव्वद दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून वेळच्या वेळी घ्या, काम संपल्यावर तो सापडत नाही.

तिसऱ्या वर्षाकडे

पहिल्या वर्षाअखेर टेप, गुण्या, ग्राइंडर, गॅसकटर हातात बसलेले असावेत आणि साधे शॉप ड्रॉइंग वाचता यावे. दुसऱ्या वर्षी एखादा नग मार्किंगपासून टॅकपर्यंत स्वतः जुळवता यावा, किंवा ३जी टेस्ट द्यावी. तिसऱ्या वर्षी निवड करा. वेल्डर म्हणून जायचे, तर रिफायनरीचे शटडाउन (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवण्याचे काम) तुम्हाला हाक मारतील. फिटर म्हणून मुरायचे, तर शॉपचा फोरमन होता येते. साइट आवडली, तर रिगर, मग इरेक्शन सुपरवायझर. ज्यांना कागद आवडतो त्यांनी संध्याकाळी ऑटोकॅड आणि टेक्ला ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअर शिकावीत. शॉपमधून आलेला ड्राफ्ट्समन भोक चुकीच्या ठिकाणी दाखवत नाही, म्हणून त्याला मागणी असते. वेल्ड न तोडता तपासायच्या, म्हणजे एनडीटीच्या, कोर्सची वाटही चांगली आहे.

भाषेची काळजी करू नका. शॉपमध्ये गुजराती, हिंदी, मराठी सगळे एका वाक्यात चालते. बिहार-झारखंडकडचे वेल्डर, पंचमहालचे हेल्पर, आपली खानदेशी मुले, सगळे एकाच डब्यातून खातात. इंग्रजीतले शब्द मात्र, म्हणजे क्लीट, गसेट, गर्ट, शिम, ग्राउट, रोज पाच असे वहीत चित्रासह उतरवा. माझी पहिली वही अजून आहे. तिच्या पहिल्या पानावर बेस प्लेटचे चित्र आहे आणि खाली लिहिले आहे ‘ही खांबाची चप्पल’.

एखादे काम सोडताना भांडून सोडू नका आणि रिकाम्या हाताने सोडू नका. शेवटच्या आठवड्यात हजेरीचा हिशोब वहीशी ताडून घ्या, अनुभवाचा दाखला लेटरहेडवर, शिक्क्यासह मागा, त्यात तुमचे काम ‘हेल्पर’ न लिहिता जे खरोखर करत होतात ते लिहून घ्या, आणि मग बूट-टेप-गुण्या पिशवीत भरून निघा.